जात्यावरचे अर्थ

माझ्याजवळ एक वही आहे. कचेरीतले एका बाजूनं वापरलेले कागद कोऱ्या अंगानं दुमडून, दाभणानं भोकं पाडून, जाड दोऱ्यानं शिवलेली. तिच्यात इंग्रजी शब्द आहेत, पण बाळबोध अक्षरांत लिहिलेले, आणि प्रत्येकापुढे त्याचा अर्थ. अक्षर माझंच आहे. घरात कुणीही ती उघडली की म्हणतं, "काय सुरेख अर्थ केलेत हो तुम्ही!" आणि डोक्यावरचे केस पिकले तरी अजून मी पदर सारखा करते आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागते. भाजीचं, नाहीतर पापडांचं.

आज तेच सांगायला बसले आहे. मला शाळा ठाऊक नाही, तेव्हा लिहिणं बोलण्यासारखंच होईल, ते चालवून घ्या.

माझं माहेर कल्याणचं. तेराव्या वर्षी मी सासरी ठाण्याला राहायला आले. आगगाडी सुरू होऊन वीसएक वर्षं झाली होती, तरी आमच्या सासूबाई गाडीत चढायच्या आधी इंजिनाला हात जोडायच्या. "आग पोटात घेऊन धावतंय बिचारं," म्हणायच्या. घर तळ्यामागच्या आळीत होतं. घरात माणसं चारच. सासूबाई, यजमान, मी आणि वन्सं. वन्सं म्हणजे माझी नणंद, यजमानांची पाठची बहीण. नात्यानं धाकटी असली तरी वयानं माझ्याहून दीड वर्षानं मोठी. तिला डोंबिवलीकडच्या एका खेड्यात दिली होती. सासरी जेमतेम दोनदा जाऊन आली, तोवर पटकीच्या साथीत नवरा गेला. तेव्हा ती अकरा वर्षांची. सासरच्यांनी एका गाठोड्यासकट आणून आमच्या ओटीवर सोडली ती कायमची. मी आले तेव्हा ती विधवेचं आलवण नेसून चुलीपाशी बसलेली होती, आणि मला बघून पहिलं वाक्य बोलली ते हे, "वहिनी, तुला फुंकणी धरता येते का? नसेल तर आत्ताच सांग, मी आईला सांगणार नाही."

मी तिला वन्सं म्हणायची, अहोजाहो करायची. रीतच होती ती. लिहिताना आता 'ती' आलं, कारण मनात ती माझी बरोबरीचीच होती.

यजमान कलेक्टर कचेरीत कारकून. त्यांच्या कचेरीतल्या तिघाचौघांनी आपापल्या बायकांना इंग्रजी शिकवायला घेतलं होतं आणि त्यात चढाओढ लागली होती. "आमच्याकडे शंभर शब्द झाले." "आमच्याकडे दीडशे!" जशी काही म्हशींच्या दुधाची गोष्ट. पण दिवसाउजेडी नवऱ्यानं बायकोशी वडीलधाऱ्यांसमोर बोलायची सोय नव्हती. म्हणून यजमान कचेरीला जाताना पाण्याच्या तांब्याखाली एक चिठ्ठी ठेवून जायचे. चिठ्ठीत पाच इंग्रजी शब्द, त्यांची डिक्शनरीतली व्याख्या आणि खाली एक जड संस्कृत प्रतिशब्द, सगळं बाळबोधीत. मला तेवढंच वाचता यायचं, तेही बोट ठेवून. परीक्षा रविवारी दुपारी, सासूबाई देवळात पुराण ऐकायला गेल्या की. आणि नियम एकच. "पोपटपंची नको. चिठ्ठीत आहे ते मलाही येतं. शब्दाचा अर्थ तुझ्या शब्दांत सांग."

इथंच माझी गाडी अडली. माझ्याजवळ शब्द होते कुठं? पहिला शब्द होता ऑब्स्टिनेट. खाली लिहिलेलं, दुराग्रहयुक्त. मी ती चिठ्ठी कनवटीला लावून दिवसभर फिरले. दुसऱ्या दिवशी पहाटे वन्सं आणि मी जात्यावर समोरासमोर बसलो. खुंट्यावर एक हात तिचा, एक माझा. मी रडवेली होऊन म्हटलं, "वन्सं, ऑब्स्टिनेट म्हणजे दुराग्रहयुक्त."

"आणि दुराग्रहयुक्त म्हणजे?"

"ते चिठ्ठीत नाही."

तिला हसू आलं. "इंग्रजीत काय म्हटलंय ते तरी सांग."

मी अडखळत ते वाचून दाखवलं, आणि यजमानांनी कधीतरी समजावलेलं आठवलं तेवढं सांगितलं. समजूत घातली तरी आपलं न सोडणारा, वगैरे. तिनं दोन फेरे दळलं. पीठ पडत होतं त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गणंग. आपण वाल भिजत घालतो, सगळे फुगतात, मोड काढतात, आणि एक दाणा रात्रभर पाण्यात राहून खड्यासारखा कोरडाच. शिजवला तरी दाताखाली येतो. तोच तुझा ऑब्स्टिनेट."

रविवारी मी तेच सांगितलं. यजमानांच्या हातातली सुपारी हातातच राहिली. "हे तुला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "सुचलं."

आता तुम्ही म्हणाल, पहिलं खोटं ते. होय, पण ते मला इतकं टोचत नाही. कारण वन्संनीच मला बजावलं होतं, "माझं नाव सांगशील तर याद राख. आईला कळलं तर जात्यावरूनही उठवील मला." सासूबाईंना सुनेचं शिकणं म्हणजे मुलाची हौस, म्हणून चालायचं. "आमची साहेबीण आज ताक घुसळणार की इंग्रजी?" एवढ्यावर त्या थांबायच्या. पण विधवा मुलीनं कागदाकडे नजर टाकली तर त्यांचा चेहरा बदलायचा. वन्सं त्याचीही थट्टा करायची. एकदा मला म्हणाली, "वहिनी, शिकलेल्या बाईचा नवरा मरतो म्हणतात ना? मग भ्यायचं असेल तर तू भी. माझं ते काम आधीच उरकलंय." मी तिच्या तोंडावर हात ठेवला. ती हाताच्या आत हसतच होती.

तर असं चाललं. मी चिठ्ठी वाचायची, ती दळता दळता अर्थ करायची. एकदा ऐकलेली इंग्रजी व्याख्या ती जशीच्या तशी म्हणायची, जात्याच्या फेऱ्याला एकेक शब्द बसवून. महिन्याभरापूर्वीची विचारली तरी अडायची नाही. मी मात्र दुपारपर्यंत विसरायची, म्हणून मी तिचे अर्थ लिहून ठेवायला लागले. ती ही वही.

काही सांगते. पेशन्स, म्हणजे ओलं लाकूड फुंकणारीचा श्वास. हिपोक्रसी, म्हणजे उपासाच्या दिवशी चारदा खाऊन तोंड सुकलेलं ठेवणं. (हा अर्थ आमच्या आळीतल्या एका बाईंवर बेतलेला होता, नाव सांगत नाही.) एन्व्ही, म्हणजे दुसरीच्या ताटातलं मीठसुद्धा गोड दिसणं. ग्रॅटिट्यूड, म्हणजे शेजारणीचं भांडं रिकामं परत न पाठवणं. मेमरी या शब्दाला तिनं तीन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी मिठागरावरची बाई मीठ घेऊन दारात आली. वन्संनी तिला विचारलं, "काय गं, पाण्याचं मीठ होतं तरी कसं?" ती टोपली उतरवत म्हणाली, "काय नाय बाय. उन्हानं पानी जातं, मीठ रातं." वन्संनी लगेच माझ्याकडे वळून बघितलं. वहीत तेच आहे. मेमरी, खाडीचं पाणी उडून गेल्यावर आगरात राहतं ते.

आणि रविवारी शाबासकी मला मिळायची. दर रविवारी. आधी मी खाली मान घालायची, मग हळूहळू मान वर यायला लागली. यजमान कचेरीत सांगायचे, आळीत सांगायचे, "आमच्या घरात असे अर्थ करतात की डिक्शनरी करणाऱ्यानं शिकवणी लावावी." मी ते दाराआडून ऐकायची. एखाद्या दिवशी वन्सं तापानं निजलेली असायची, जातं मी एकटीच ओढायची, आणि मला एकही अर्थ सुचायचा नाही. तेव्हा मला तिच्या तापाची काळजी वाटायची का रविवारची, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

वही पाऊण भरली तेव्हा मुंबईहून यजमानांचे एक स्नेही आले. शाळामास्तर होते, मोठे विद्वान. मुलींच्या शाळांसाठी इंग्रजी शब्दांच्या अर्थांचं पुस्तक करत होते, आणि शिक्षिका तयार करण्याचं जे काम पुण्यास चाललं होतं त्यातही त्यांचा हात होता. यजमानांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, माझी वही दाखवायला.

भाद्रपद सरत आला होता. वन्संनी सोवळ्यात स्वैपाक केला. अळूची भाजी, वालाचं बिरडं, पाहुण्यांसाठी पुरणपोळी. जेवणं झाली. पुरुष ओटीवर पान खायला बसले, आम्ही माजघरात, दार अर्धं लोटलेलं. सासूबाई कोपऱ्यात पाटावर जपमाळ घेऊन. मी दाराला लागून उभी आणि माझ्या पाठीला लागून वन्सं.

बाहेर पानं उलटल्याचा आवाज येत होता. ते गृहस्थ वही वाचत होते. मध्येच हसायचे, मध्येच "अरे वा" म्हणायचे. मग म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. एक शब्द मी घालतो, चिठ्ठीत नसलेला. मॉडेस्टी. अंगी गुण असून त्याचा डौल न मिरवणं. आपल्यात विनय म्हणतात. तुमच्या शब्दांत काय म्हणाल?"

माझ्या डोक्यात वारा सुटला. काही नाही, काहीच नाही. तेवढ्यात कानाला ऊन श्वास लागला. वन्सं पुटपुटली. मी तेच मोठ्यानं बोलले.

"भरल्या घागरीचा आवाज."

मग यजमानांचा गोंधळलेला सूर, "म्हणजे? भरली घागर वाजते कुठं?"

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "अहो, तोच तर अर्थ!"

त्यांनी तीनदा तो अर्थ म्हणून बघितला. यजमान हसत होते, त्यांचं हसू आवरत नव्हतं. आणि मी? मलाही हसू येत होतं. जणू तो अर्थ माझ्या पोटातून आला होता.

मग मास्तर गंभीर झाले. म्हणाले, "मी आणखीही एका कामानं आलोय. पुण्यास बायकांना शिक्षिका करण्याच्या शाळेत एक जागा आहे. राहण्या-जेवणाची सोय आहे. तिथं विधवा मुली येतात, शिकतात, पुढं मानानं शाळा चालवतात. तुमची बहीण घरी असते असं ऐकलं. तिचा विचार केलाय का?"

यजमान म्हणाले, "तिला कुणी शिकवलंच नाही. स्वैपाकपाणी बघते. आईला तिचाच आधार आहे."

"मी वहिनींना विचारतो. बायकांचं बायकांना ठाऊक." आवाज दाराकडे वळला. "वहिनी, तुमच्या नणंदबाई तुमच्याजवळ असतात. त्यांना यातलं काही येतं का?"

माझ्या पाठीला तिचा हात टेकलेला होता. नुसता टेकलेला. मला एवढंच म्हणायचं होतं की मास्तर, वही तिची आहे. सासूबाई ओरडल्या असत्या. यजमान एखादा दिवस अबोला धरते. मास्तर तिला उद्याच घेऊन गेले असते. आणि पुढच्या रविवारी यजमान मला शब्द घालते आणि मी गप्प बसते, आणि त्याच्या पुढच्याही रविवारी. हे सगळं एका क्षणात मला दिसलं, अगदी स्वच्छ दिसलं. नाही दिसलं असं म्हणायला मला जागा नाही.

मी म्हटलं, "त्यांना अक्षर येत नाही."

हे खोटं नव्हतं. तिला खरंच एकही अक्षर लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळं कानानं घेतलेलं, तोंडात ठेवलेलं. म्हणून तर मला ते वाक्य इतक्या सहज सापडलं.

पण मास्तर शहाणे होते. म्हणाले, "अक्षर येतं हो चार महिन्यांत. ते आम्ही शिकवू. समज आहे का, ओढ आहे का, ते विचारतोय."

दुसऱ्यांदा देवानं दार उघडलं होतं. मी बोलले नाही. कोपऱ्यात सासूबाईंची जपमाळ थांबली होती. बाहेर मास्तरांनी थोडी वाट पाहिली आणि म्हणाले, "असं होय. असो. दसऱ्यापर्यंत जागा राखून ठेवतो, मन बदललं तर कळवा." कानाजवळचा ऊन श्वास केव्हाच नाहीसा झाला होता. मी वळून पाहिलं तर वन्सं चुलीपाशी खाली बसून उरलेल्या पुरणाचा गोळा झाकत होती.

संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावत होते, तेव्हा सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, "सूनबाई, जातं माझ्या अंथरुणापासून पाच हातांवर आहे. पुराणाला बसले की मी डुलक्या घेते, पहाटे घेत नाही. कोण काय म्हणतं ते मला ऐकू येतं."

माझ्या हातातली वात निसटली.

"घाबरू नको. बरं केलंस. परक्या गावी गेली असती पोर, लोक हजार तोंडांनी बोलले असते. माझ्या डोळ्यांसमोर राहिली. शहाणी आहेस तू." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांनी मला शहाणी म्हटलेलं ते पहिल्यांदा. वन्संचा हात टेकला होता नेमक्या त्याच जागी त्यांचा हात फिरला, आणि मला वाटलं, तुळशीवृंदावनात डोकं घालावं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चिठ्ठी काढली. वन्सं म्हणाली, "आज नको वहिनी. दळण जड आहे." त्याच्या दुसऱ्या दिवशीही दळण जड होतं. तिसऱ्या दिवशी मी खुंटा सोडून विचारलं, "रागावलात माझ्यावर?"

"नाही गं." तिनं मूठभर दाणे जात्यात टाकले. "सुचत नाही."

खरं सांगते, तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी आज ही वही उघड्यावर ठेवून निर्धास्त निजले असते. तिनं टोमणासुद्धा मारला नाही. जेवायला वाढताना माझ्या पानात तेवढंच तूप, माझं डोकं दुखलं तर तशीच सुंठ उगाळून आणायची. फक्त जात्यावर नुसत्या जात्याचा आवाज.

रविवारी परीक्षेत मी गप्प. यजमान म्हणाले, "बरं नाही का?" आणि गंमत बघा, खरंच मला दिवस गेलेले निघाले. मग काय, चिठ्ठ्या थांबल्या, कोडकौतुक सुरू झालं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मास्तरांचं पत्र आलं, जागेचं काय ठरलं म्हणून. यजमानांनी ते माजघरात येऊन वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "कळव, मुलगी अशक्त आहे." मी तोरणासाठी झेंडूची फुलं ओवत होते. ओवत राहिले. मी बाळंतपणाला माहेरी जाणार, मागं घरात करायला दुसरं कोण होतं, असं मी मनाशी म्हटलं. म्हणजे बघा, आधी रविवार होता, आता बाळंतपण. कारणं नेहमी माझीच असायची, आणि जायचं तिचं.

पुढं कल्याणला माझी पहिली मुलगी झाली. परत आले तशी यजमानांची डिक्शनरी मागून घेतली, इंग्रजी अक्षरं काढून घेतली, आणि दुपारच्या दुपार बसून एकटीनं शिकले. लोक म्हणतात, स्वतःच्या हिमतीनं शिकली. हिंमत कसली? लाज होती. निदान जे माझं म्हणून मिरवलं ते थोडं तरी माझं व्हावं म्हणून. इंग्रजी आलं. पण अर्थ काही आले नाहीत. माझे अर्थ डिक्शनरीसारखेच व्हायचे, बरोबर आणि कोरडे.

दोनतीन वर्षांनी मास्तरांचं पुस्तक छापून आलं. माझी वही त्यांनी उतरवून नेली होती, त्यातले वीसएक अर्थ त्यात होते. आरंभी आभार मानले होते, ठाण्यातील एका कुलीन स्त्रीचे. यजमानांनी ते पुस्तक स्वैपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आणून आमच्यापुढे धरलं आणि कचेरीला गेले. वन्सं विळीवर भोपळा चिरत होती. हात पुसून जवळ आली. सासूबाई मागच्या दारी होत्या.

"छापल्यावर बरे दिसतात गं," ती म्हणाली. पान हाताळून बघितलं, नाकाशी नेऊन वास घेतला. "यातला आपला कुठला?" आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हा?"

तो तिचा नव्हता. मी तिचं बोट धरून दोन ओळी खाली आणलं. "हा. ग्रॅटिट्यूड."

"शेजारणीचं भांडं," ती म्हणाली आणि हसली. बोट तिथंच ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग भोपळा चिरायला गेली.

'आपला' म्हणाली ती. मी तेव्हा तरी म्हणायचं होतं, आपला नाही हो वन्सं, तुमचा.

सासूबाई गेल्यावर मी पाटी-पेन्सिल घेऊन तिच्यापुढं बसले. म्हटलं, आता कुणाचं भय नाही, मी शिकवते. ती माझ्या तिसऱ्या मुलाला मांडीवर थोपटत होती. म्हणाली, "वहिनी, चुलीच्या धुरानं डोळे गेले माझे, सुईत दोरा घालायला तुझ्या पोरीला हाका मारते मी. तुझी अक्षरं कुठून दिसणार?" मी फार आग्रह केला नाही. करायला हवा होता का, ते अजून कळत नाही.

प्लेगच्या साथीच्या वर्षी आम्ही आळी सोडून नौपाड्याच्या शेतात झोपड्या घालून राहिलो. तिथं वन्सं गेल्या. दोन दिवस ताप होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा उजवा हात चटईवर गोल गोल फिरायला लागला, आणि ओठ हलत होते. मी कान अगदी त्यांच्या तोंडाशी नेला. ऊन श्वास तेवढा लागला, शब्द एकही कळला नाही.

तेराव्या दिवशी मी यजमानांना सगळं सांगितलं. वहीचं, दारामागचं, दसऱ्याच्या पत्राचं. त्यांनी डोळे पुसले. वाटलं, आता बोलतील मला. ते म्हणाले, "अगं, एका घरातलंच ना ते? तू काय नि ती काय." माझं दुःख हलकं करायला म्हणाले ते. भले गृहस्थ आहेत. पण त्या दिवशी मला कळलं की ज्यांच्याकडून शिक्षा व्हायची त्यांना गुन्हाच दिसत नाही, मग तो नुसता माझ्याजवळ राहतो.

परवा माझ्या धाकट्या सुनेनं वही काढली. ती शाळेत गेलेली, इंग्रजी चौथी पास. एकेक अर्थ वाचून खुदुखुदु हसत होती. भरल्या घागरीपाशी आली आणि थांबली. "सासूबाई, हे कसं हो सुचलं तुम्हाला?"

मी शेंगा सोलत होते. हात थांबवून म्हटलं, "मला नाही सुचलं. ते माझ्या वन्संचं आहे. सगळीच वही त्यांची."

आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य मी घरच्या माणसाजवळ न अडखळता, न रडता बोलले. मला वाटलं, सुटले.

सुनेनं वही पुढं-मागं करून पाहिली. "पण अक्षर तर तुमचं आहे. त्यांनी का नाही लिहिली?"

आणि माझ्या तोंडून झटक्यात निघून गेलं, "त्यांना अक्षर येत नव्हतं गं."

तेच वाक्य. इतक्या वर्षांनी, तोच सूर, तितकंच खरं. सून मान डोलावून पुढचं पान उलटायला लागली होती. मी तिच्या हातावर हात ठेवला.

"थांब," म्हटलं. "ते पान नको उलटू. त्यांना चार महिन्यांत आलं असतं. मी येऊ दिलं नाही. बस इथं, सांगते."